कार्यकारी आदेश कायद्याने रद्द करणे अमेरिकी काँग्रेसला इतके अवघड का जाते?

जलतरंग:
अमेरिकेतील घडामोडी वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. राष्ट्राध्यक्षांनी एखादा वादग्रस्त कार्यकारी आदेश (काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, मंजुरीशिवाय सरकारी यंत्रणेला दिलेला हुकूम) काढला की थोड्याच दिवसांत तो रद्द करणारे विधेयक कोणीतरी सदस्य मांडतो, त्याची बातमी होते, आणि पुढे त्या विधेयकाचे काय झाले याचा पत्ता लागत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सामूहिक वाटाघाटींचा हक्क काढून घेणारा मार्च 2025 मधील आदेश निष्प्रभ करण्यासाठी प्रतिनिधीगृहाने (काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी एक; दुसरे सिनेट) त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 231 विरुद्ध 195 मतांनी विधेयक संमत केले. राष्ट्राध्यक्षांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या वीस सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला होता, तरी आदेश जागचा हलला नाही. कायदे करण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिलेला असताना तिच्या बहुमताला एवढीही किंमत नसावी का?

पैलतीर:
बहुमताला किंमत आहे, पण आदेश रद्द करायचा तर कायदाच करावा लागतो, आणि दोन्ही सभागृहांनी संमत केलेले विधेयक सहीसाठी ज्यांच्याकडे जाते तेच बहुतेक वेळा आदेश काढणारे असतात. त्यांनी नकाराधिकार वापरला की दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते जमवावी लागतात. आजवरच्या अडीच हजारांहून अधिक नकाराधिकारांपैकी काँग्रेसला मोडून काढता आले ते जेमतेम 112.

एके काळी यातून एक आडवाट होती. 1976 च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेली आणीबाणी दोन्ही सभागृहांना नुसत्या ठरावाने, राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय, संपवता येत असे. 1983 मध्ये चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकारचा ‘विधिमंडळाचा नकाराधिकार’ घटनाबाह्य ठरवला आणि 1985 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सहीची अट आली. त्याचा परिणाम 2019 मध्ये ठळकपणे दिसला. मेक्सिको सीमेवरील भिंतीसाठी ट्रम्प यांनी पुकारलेली आणीबाणी (तांत्रिकदृष्ट्या ती उद्घोषणा होती, कार्यकारी आदेश नव्हे; पण तर्क तोच) संपवणारा ठराव प्रतिनिधीगृहात 245 विरुद्ध 182 आणि सिनेटमध्ये 59 विरुद्ध 41 मतांनी संमत झाला. दुसऱ्याच दिवशी, 15 मार्चला, ट्रम्प यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. तो मोडण्यासाठी प्रतिनिधीगृहात झालेल्या मतदानात ठरावाच्या बाजूने 248 मते पडली. हवी होती 286. म्हणजे 1976 च्या मूळ तरतुदीनुसार जी आणीबाणी मार्चमध्येच संपली असती, ती केवळ एका सहीअभावी चालू राहिली.

काँग्रेसने आदेश खरोखर पुसून टाकल्याची उदाहरणेही आहेत, मात्र त्यांची वेळ पाहण्यासारखी आहे. थोरल्या बुश यांनी 1992 मध्ये गर्भऊतींची पेढी स्थापन करण्याचा आदेश काढला होता. त्या आदेशाला कोणताही कायदेशीर परिणाम राहणार नाही, असे एक कलम काँग्रेसने पुढच्या वर्षी राष्ट्रीय आरोग्य संस्थांविषयीच्या कायद्यात घातले, आणि त्यावर सही केली ती क्लिंटन यांनी. वास्तविक क्लिंटन यांना तो आदेश स्वतःच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यानेही रद्द करता आला असता. कायद्याचा फायदा एवढाच की पुढच्या राष्ट्राध्यक्षांना तो आदेश नुसत्या सहीने पुन्हा जिवंत करता येत नाही.

ताळेबंद:
वरील विवेचन मान्य आहे, पण त्यावरून काँग्रेस हतबल आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. आदेशाला हात न लावता त्याचा पैसा तोडणे हे तिचे खरे हत्यार आहे, आणि माझ्या मते रद्द करण्याच्या विधेयकांपेक्षा ते कितीतरी अधिक परिणामकारक ठरले आहे.

ओबामा यांनी 22 जानेवारी 2009 रोजी, म्हणजे सूत्रे हाती घेतल्याच्या तिसऱ्याच दिवशी, क्युबातील ग्वांतानामो येथील अमेरिकी तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. तो आदेश काँग्रेसने रद्द केला नाही. मे महिन्यात सिनेटने तुरुंग बंद करण्यासाठी मागितलेला निधी 90 विरुद्ध 6 मतांनी नाकारला, आणि पुढे काँग्रेसने संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यात कैद्यांना अमेरिकेच्या भूमीवर आणण्यासाठी खर्च करण्यास मनाई करणारे कलम घातले. ओबामांना ते कलम मुळीच पसंत नव्हते आणि तसे त्यांनी लेखी नोंदवलेही, पण एका कलमासाठी अख्खे संरक्षण विधेयक परत पाठवणे परवडणारे नव्हते, म्हणून जानेवारी 2011 मध्ये त्यांनी सही केली. ओबामांची आठ वर्षे संपली, तुरुंग मात्र बंद झाला नाही. सुटे विधेयक नाकारायला सोपे असते; ज्याच्यावाचून सरकारचे चालत नाही अशा विधेयकात दडवलेले कलम नाकारायला फार कठीण जाते.

जलतरंग:
दोघांचेही आभार. 1996 च्या ‘काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्ट’चा उपयोग येथे होऊ शकतो का? त्यात सिनेटमध्ये साधे बहुमत पुरते, असे वाचले होते.

पैलतीर:
आदेशाविरुद्ध थेट होत नाही. तो कायदा सरकारी यंत्रणांनी केलेल्या नियमांना लागू होतो, आणि राष्ट्राध्यक्ष ही त्या अर्थाने ‘यंत्रणा’ नव्हे. आदेशाच्या अंमलबजावणीसाठी एखाद्या खात्याने नियम केला तर तो नियम या मार्गाने रद्द करता येतो. पण तेथेही राष्ट्राध्यक्षांची सही चुकत नाही.

आपण सुरुवातीला उल्लेखलेल्या विधेयकाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. प्रतिनिधीगृहाच्या नेतृत्वाला ते मतदानाला घ्यायचेच नव्हते, म्हणून समर्थकांनी ‘डिस्चार्ज पिटिशन’चा (अडवून धरलेले विधेयक बहुसंख्य सदस्यांच्या सह्यांनी मतदानाला आणणाऱ्या अर्जाचा) मार्ग धरला. या कागदावर सही करायची तर कामकाज चालू असताना सदस्याला स्वतः व्यासपीठापाशी असलेल्या लिपिकाच्या टेबलाजवळ जावे लागते, म्हणजे स्वपक्षाच्या नेत्यांच्या डोळ्यांदेखत. अशा 218 सह्या जमल्यावरच मतदान घेणे भाग पडले. मला 231 या आकड्यापेक्षा या सह्याच अधिक महत्त्वाच्या वाटतात.

ताळेबंद:
मूळ दुखणे आदेशांपेक्षा जुन्या कायद्यांतील सैल शब्दांत आहे. ट्रुमन यांनी 1952 मध्ये पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो 6 विरुद्ध 3 मतांनी अवैध ठरवला, आणि त्यामागे एक मोठे कारण हे होते की असा अधिकार देण्याची सूचना काँग्रेसने 1947 मध्ये फेटाळलेली होती. काँग्रेसने आधीच नाही म्हटलेले असले की न्यायालयाचे काम सोपे होते. उलट ‘आणीबाणी’सारखा शब्द व्याख्येविना कायद्यात सोडून दिला की पुढचे आदेश त्या मोकळ्या जागेत उभे राहतात.

म्हणूनच सिनेटर माईक ली यांनी 2019 मध्ये मांडलेली दुरुस्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते: काँग्रेसने मंजुरी दिली नाही तर आणीबाणी 30 दिवसांनी आपोआप संपावी. यात मौनाचा अर्थच उलटतो, आणि मते जमवण्याचा भार राष्ट्राध्यक्षांवर पडतो. तिचा कायदा झाला नाही. झाला असता तरी त्याला राष्ट्राध्यक्षांची सही लागलीच असती, किंवा 1973 सारखी वेळ यावी लागली असती: तेव्हा युद्धाधिकारांवर मर्यादा घालणारा ठराव काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार मोडून, प्रतिनिधीगृहात 284 विरुद्ध 135 आणि सिनेटमध्ये 75 विरुद्ध 18 मतांनी, संमत करून घेतला. वॉटरगेटने निक्सन यांना आधीच खिळखिळे केले होते, हे मात्र विसरता येत नाही.