मदत हवी आहे: व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावल्यापासून ब्लोअर खालीवर होतोय, शेवटच्या टाकीवर ओढच नाही

मंडळी जरा डोकं लावा, मी आठ दिवस लावून थकलो. साकीनाक्याला गाळा आहे, पिकलिंगच्या (धातूवरचा गंज अ‍ॅसिडने काढायच्या) चार टाक्या, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. टाक्यांच्या काठाला फटीचे हूड आहेत (आधी वर छत्री होती, पण वाकून काम करणाऱ्याच्या नाकावरूनच वाफ वर जायची म्हणून काढली), तिथून सोळा इंची डक्ट, मग स्क्रबर (अ‍ॅसिडची वाफ पाण्याने धुणारा), मग 10 एचपीचा ब्लोअर. पूर्वी दिवसभर 50 हर्ट्झवर पळायचा, बिल बघून शेठ म्हणाले ड्राइव्ह लाव, लावला. ब्लोअरच्या तोंडाशी प्रेशर सेन्सर, 4-20 मिलीअँप, पीआयडीवर (म्हणजे प्रेशर ठरवलेल्या आकड्यावर, सेटपॉइंटवर, राहावं म्हणून ड्राइव्ह स्पीड आपोआप बदलतो).

आता दोन टाक्यांचे डॅम्पर (डक्टमधल्या झडपा) बंद केले की ड्राइव्ह 30 वर जातो, 46 वर येतो, परत 30, दर पंधरा-वीस सेकंदाला हेच. आणि चारही उघडे असले की चौथ्या टाकीवर उदबत्ती धरली तर धूर सरळ वर, तिथल्या पोराचे डोळे चुरचुरतात. पीआयडीचा गेन (तो किती जोरात स्पीड बदलतो ते) अर्धा केला, फरक शून्य. पाऊस सुरू झाल्यापासून जास्तच. काय करू?

भांडुपकर: सगळ्यात आधी चौथ्या टाकीचं काम थांबव नाहीतर ड्राइव्ह 50 वर ठेव, विजेचं नंतर बघू. मग मॅन्युअलवर टाकून 42 ला सोड, डॅम्परला हात लावू नको, आणि सेन्सरचा आकडा बघ. स्पीड एकच असून आकडा नाचत असेल तर पीआयडीचा दोष नाही, उगाच गेन कुरतडत बसशील.

वायरिंगवाला: रोटेशन बघितलंस का रे? ड्राइव्ह बसवताना दोन फेज उलटे लागले तरी सेंट्रिफ्युगल ब्लोअर हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त खूप कमी. म्हणून भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

धागाकर्ता: दादा रोटेशन बाणाप्रमाणे बरोबर आहे. मॅन्युअलला 42 वर ठेवला, आकडा तरी 70 ते 95 मिमी (पाण्याच्या उंचीत) नाचतोय!

भांडुपकर: मग सेन्सरची नळी बघ. कुठे झोळ आलाय का? ओली हवा आहे, पाणी साचलं की ते नळीत मागेपुढे होतं आणि बिचारा ड्राइव्ह त्या पाण्याच्या मागे पळतो. हातमोजे घालून काढ, ते अ‍ॅसिडचंच पाणी असणार.

धागाकर्ता: निघालं! चमचाभर. नळी केबल ट्रेवरून खाली लोंबत होती, कोणी बघितलंच नाही. आता सेन्सर वर घेतला, टॅप (नळी डक्टला जोडायचं भोक) डक्टच्या माथ्यावर, नळी उताराची. ड्राइव्ह शांत झाला. पण चौथी टाकी अजून तशीच.

भांडुपकर: ती तशीच राहणार, कारण तू मोजतोयस स्क्रबरच्या पलीकडे. हवा दुप्पट झाली की स्क्रबर साधारण चौपट प्रेशर खातो. चारही हूड उघडे असताना ब्लोअरच्या तोंडाशी सेटपॉइंट पुरा दिसतो, टाक्यांकडे काही उरत नाही. टॅप स्क्रबरच्या अलीकडे, चौथ्या टाकीच्या फाट्याजवळ ने आणि सेटपॉइंट नव्याने काढ. चारही उघडून मॅन्युअलवर स्पीड वाढवत जा, चौथीवर उदबत्ती नीट आत ओढली गेली की तिथला आकडा लिहून घे, तोच सेटपॉइंट. आणि पहिल्या टाकीचा डॅम्पर थोडा आवळ, जवळची टाकी नेहमी जास्त खाते. नंतर पिटो नळीने (हवेच्या तोंडासमोर धरून वेग मोजायची नळी) डक्टमधला वेग बघ, तिला जोडलेल्या पाण्याच्या यू आकाराच्या नळीत 6 मिमी फरक म्हणजे 10 मीटर प्रतिसेकंदच्या आसपास, वाफेला चालतो.

धागाकर्ता: आणि विजेचं? शेठला काय सांगू?

वायरिंगवाला: पॉवर स्पीडच्या घनात उतरते रे, 50 चं 40 झालं तरी निम्म्यावर येते. चारही टाक्या चालू असताना बचत मागू नका म्हणावं, दोन बंद असताना आपोआप मिळेल.

धागाकर्ता: रविवारी शटडाउन आहे, टॅप हलवतो. फाट्याजवळ डक्ट पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) आहे, त्याला भोक पाडून वेल्ड करायला रॉड कोणता घ्यावा कोणी सांगेल का?