लघवीचा रिपोर्ट निगेटिव्ह, तरी घशाचा स्वॅब कशाला?

प्रश्न: जोडीदाराला गनोरिया (लैंगिक संबंधातून पसरणारा जिवाणूंचा संसर्ग) निघालाय. मला काहीच त्रास नाही, लघवीचा रिपोर्टही निगेटिव्ह. तरी क्लिनिकवाले घशाचा स्वॅब मागतायत. खरंच गरज आहे का?

उत्तर १: आहे, नक्की द्या. मी अशाच क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते. लघवीवरून घशाचं काही कळत नाही. घशातला आणि गुदाशयातला संसर्ग बहुतेकदा मुका असतो. ना दुखणं, ना स्राव. मूत्रमार्गात लागण झालेले पुरुष सहसा आठवड्याभरात जळजळ आणि पिवळट पू घेऊन येतात. बायकांचं तसं नाही. कित्येक जणींना काहीच जाणवत नाही, त्या येतात जोडीदाराचं निदान झालं म्हणून. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांची नुसती लघवी तपासली, तर बरेच रुग्ण निसटतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण स्वॅबला मिनिटही लागत नाही.

पॉझिटिव्ह आलात तर कल्चरबद्दलही विचारा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघणं. वाढवलेल्या जिवाणूंवर आम्ही औषधांच्या चकत्या ठेवतो. चकतीभोवती मोकळं वर्तुळ उमटलं नाही, तर ते औषध चालत नाही. पेनिसिलिन अशीच हातची गेली.

प्रश्नकर्ता: स्वॅब दुखतो का?

उत्तर १: नाही, क्षणभर उबळ येते एवढंच.

उत्तर २: दोघांचेही उपचार झाल्यावर सात दिवस संबंध टाळा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण एकदा होऊन गेला तरी पुन्हा लागण होते.