अनुभव धागा: क्री लेखक आणि रिझर्व्हचे अर्थकारण

माळरान: वाचनालयात मिशेल गुड यांची ‘फाइव्ह लिटल इंडियन्स’ ही कादंबरी दिसली आणि कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातील नोकरीचा काळ आठवला. क्री या तिथल्या आदिवासी समाजातील, रेड फेझंट क्री नेशनच्या या लेखिकेने आदिवासी संस्थांत अनेक वर्षे काम केले, पुढे वकील होऊन आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांत होरपळलेल्यांची बाजू मांडली आणि २०२० साली ही पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. मी ज्या क्री बँडच्या (रिझर्व्ह म्हणजे राखीव जमीन असलेल्या आदिवासी समूहाच्या) विकास कंपनीचे हिशेब पाहत असे, तेथील माझे वरिष्ठही दिवसा कर्जाचे प्रस्ताव तयार करत आणि रात्री कादंबरी लिहीत. दोन्हींचा विषय जमीनच आहे, असे ते म्हणत. आपल्यापैकी कुणाला अशी माणसे भेटली आहेत का?

सई_रिजायना: माझ्या ओळखीच्या एक क्री लेखिका बँडच्या उद्योगांसाठी अनुदानाचे अर्ज लिहितात. त्यांच्या आजोबांना स्वतःच्या शेतातला गहू विकण्यासाठीही इंडियन एजंटाचा, म्हणजे रिझर्व्हवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा, परवाना काढावा लागे, आणि आदिवासींना लागू असलेल्या इंडियन कायद्यातील ते कलम वापरात उरले नव्हते तरी २०१४ पर्यंत रद्द झाले नव्हते. अर्जात हे सारे ‘पार्श्वभूमी’च्या रकान्यात दोन ओळींत उरकावे लागते, म्हणून उरलेले कादंबरीत लिहिते, असे त्या सांगतात.

कर्जखाते: बँकेत असताना त्याच इंडियन कायद्याचे कलम ८९ वारंवार आडवे येई. रिझर्व्हवरील क्री माणसाची मालमत्ता बाहेरच्या बँकेकडे गहाण ठेवता येत नाही, त्यामुळे स्वतःचे घर असूनही धंद्याला भांडवल उभे राहत नाही. मस्केग लेक क्री नेशनने १९८८ साली थेट सॅस्कटून शहरात रिझर्व्ह मिळवून तेथे व्यवसाय वसवले, हा मार्ग मला सर्वांत चतुर वाटतो. त्यावर कुणी कादंबरी लिहिली, तर मी पहिला वाचक असेन.

तोरणमाळ: @कर्जखाते, नंदुरबारमध्ये आदिवासी खातेदाराचा सातबारा पाहून कर्ज देणारे असेच कचरतात. जमीन वाचवणारा कायदा हवाच, परंतु पतपुरवठ्याची सोय त्याच्या सोबतीने यायला हवी होती.

रानमेवा: थोडे अवांतर विचारते. लाक ला रॉन्ज बँडच्या कंपनीचा जंगली तांदूळ आणला आहे, पण तो कुकरच्या शिट्ट्यांना दाद देत नाही.

सई_रिजायना: @रानमेवा, रात्रभर भिजवून उघड्या पातेल्यात शिजवा. ते पाणगवताचे बी आहे, त्याला आंबेमोहोराचा न्याय लावू नका.