एसटीपीच्या आधी सेप्टिक टाक्यांचं बघा

वर एकांनी लिहिलंय की गावभर भुयारी गटार टाकून खाडीकाठी एक एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बांधला की विषय संपला. कोकणात तो तिथूनच सुरू होतो. जांभा दगड फोडून पाइप न्यायचे, चढ-उतारामुळे जागोजागी पंप, आणि पावसाळ्यात वीज किती टिकते ते काय सांगायचं! त्यात लोक पन्हळीचं पाणी बिनदिक्कत गटारात सोडतात. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो प्लांटमध्ये घुसला की घाण पचवणारे जिवाणूच वाहून जातात.

खरा घोळ सेप्टिक टँकचा. टाकी 2-3 वर्षांनी उपसायला हवी. आमच्याकडे तुंबल्याशिवाय कोणी बघत नाही. काहींनी तर झाकणावर फरशी बसवून वर वृंदावन बांधलंय. गाळ भरला की मैला तसाच शोषखड्ड्यात आणि जांभ्याच्या भेगांतून शेजारच्या विहिरीत. घाटावर वाईने पाळीपाळीने टाक्या उपसून मैलागाळासाठी वेगळं केंद्र चालवलं. आपल्या नगरपंचायतींना ते जास्त झेपेल. तोवर पुढच्या सभेत एवढंच विचारा: उपसलेला टँकर रिकामा कुठे होतो?