मदत हवी आहे : कच्छच्या धोसा ऊलाइटमधील गोल कण जागीच वाढले की वाहून आले?

कच्छमधील चारी शैलसमूहाच्या माथ्याशी असलेल्या, उत्तर जुरासिक काळातील धोसा ऊलाइट (ऊलाइट म्हणजे ऊइड नावाच्या गोल कणांचा खडक) या थराचा एक नमुना सध्या माझ्या अभ्यासात आहे. त्यातील ऊइड, म्हणजे एखाद्या केंद्रकाभोवती कांद्यासारखे पापुद्रे चढून झालेले २ मिलिमीटरपेक्षा लहान गोलसर कण, नेमके कोठे वाढले याचा उलगडा होत नाही.

बहामाच्या उथळ समुद्रातील ऊइडांची घडण बरीचशी समजते. तेथे कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त झालेले उबदार पाणी भरती-ओहोटीने सतत घुसळले जाते. शंखाचा तुकडा किंवा वाळूचा कण तळावर लोळत राहतो, त्यावर अरॅगोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका खनिजाचा, पापुद्रा चढतो, आणि कण मोठा होत गेला की घर्षणाने होणारी झीज त्याच्या वाढीला आवर घालते. ही वाढ विलक्षण सावकाश असते, कारण रेडिओकार्बन कालमापनात आतल्या व बाहेरच्या पापुद्र्यांत हजार वर्षांहून अधिक अंतर आढळले आहे. त्यातला पुष्कळसा काळ कण वाळूखाली गाडलेला राहत असावा, असे मला वाटते.

धोसाच्या बाबतीत मात्र हे चित्र जुळत नाही. येथील ऊइड लोहयुक्त आहेत आणि माझ्या पातळ छेदात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी घासून पातळ केलेल्या खडकाच्या कापात, ते एकमेकांना न टेकता बारीक गाळात विखुरलेले दिसतात. कण लोळवण्याइतके पाणी खवळलेले असते, तर हा गाळ तेथे टिकला नसता. काही केंद्रके तर आधीच्या ऊइडांचे तुटके तुकडे आहेत. म्हणून ते उथळ भागात घडून वादळांच्या वेळी शांत, खोल तळावर वाहून आले असावेत, याकडे माझा कल आहे. पण याच थरात अमोनाइटांचे (गुंडाळीदार शंखाच्या, आता नामशेष झालेल्या सागरी प्राण्यांचे) जीवाश्म विपुल आहेत आणि गाळ अतिशय मंद गतीने साचल्याच्या खुणा आहेत. अशा दीर्घकाळ उघड्या राहिलेल्या तळावर लोहाचे पापुद्रे जागीच चढू शकले असते का?

जाणकारांनी कृपया दोन गोष्टींवर मार्गदर्शन करावे. वाहून आलेले आणि जागीच वाढलेले ऊइड छेदात कोणत्या खुणांवरून वेगळे ओळखावेत? आणि लोह मूळचेच आहे की कार्बोनेटची जागा त्याने नंतर घेतली, हे साध्या ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली ठरवता येते, की त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा? नमुन्याची वरची बाजू खूण करून ठेवलेली आहे, तेव्हा पुढचे छेद कोणत्या दिशेने घ्यावेत हेही सुचवावे.