लिनक्सवर गेम मध्येच अडखळतो, मदत हवी आहे

मंडळी, विंडोजचा एक गेम प्रोटॉनमधून (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) चालवतोय. एरवी ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) आरामात मिळतात, पण नवीन भागात शिरलं की चित्र क्षणभर गोठतं आणि आवाज तुटतो. मँगोहडमध्ये (गेम चालताना आकडे स्क्रीनवर दाखवणारं साधन) फ्रेमटाइमची, म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला लागणाऱ्या वेळेची, रेघ एकदम वर उसळते, जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) वापर मात्र खाली येतो. त्याच जागी परत गेलं की काही त्रास नाही, म्हणून शेडर (जीपीयूवर चालणारे, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) ऐनवेळी कंपाइल होण्याचाच संशय येतोय. गेममोड (गेम चालताना सिस्टिमची कामगिरी वाढवणारं साधन) लावला, फरक शून्य.

डीएक्सव्हीके (प्रोटॉनमधला, विंडोजचे डायरेक्टएक्स ग्राफिक्स व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीत बदलणारा भाग) २.० पासून शेडर बरेचसे आधीच कंपाइल होतात, पण त्यासाठी व्हल्कनचा ड्रायव्हर नवा लागतो. माझा मेसा (लिनक्सवरचा ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) जुना आहे. आधी तो अपडेट करू, की प्रोटॉनची आवृत्ती बदलून बघू? गेम एनटीएफएस (विंडोजच्या फाइल पद्धतीच्या) पार्टिशनवर आहे, त्यानेही फरक पडतो का? पुन्हा विंडोज टाकायची अजिबात इच्छा नाही. कुणी हे सोडवलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा, प्लीज.