कळवळा की गल्ला?

काही जण म्हणतात की ॲपलने आयफोनच्या खोक्यातला चार्जर पर्यावरणासाठी काढला. मला नाही पटत. ऑक्टोबर २०२०मध्ये आयफोन १२ आला, ॲडॉप्टर गायब. पण आत दिलेल्या केबलचं दुसरं टोक यूएसबी-सी, म्हणजे नव्या, छोट्या गोलसर पिनचं. घरोघरी पडलेले ॲपलचे ते छोटे पांढरे ॲडॉप्टर बहुतेक जुन्या, चपट्या यूएसबीचे! म्हणजे नवी केबल वापरायची तर बऱ्याच जणांना ॲडॉप्टरही विकत घेणं आलंच. (जुनी केबल शाबूत असेल तर निभावतं म्हणा.)

आणि इतका कळवळा होता, तर २०१२पासून लायटनिंग हे आपलं वेगळंच चार्जिंग पोर्ट कवटाळून का बसले? युरोपीय संघाने २०२२मध्ये फोनना यूएसबी-सी सक्तीचं करणारा कायदा केला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी आयफोन १५ला यूएसबी-सी आलं. फोन उत्तमच आहेत, मीही तोच वापरतो. मखलाशी तेवढी खटकते.